ठिणगी चुकली की कन्व्हर्टर जळतो

वेगवान गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वेळेआधी गेला की गॅरेजमध्ये सहसा एकच उपाय निघतो : जुना काढायचा, नवा टाकायचा. आत प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम असल्यामुळे बिल मोठं येतं, आणि थोड्याच काळात नवाही गेला तर मालक कधी कंपनीला, कधी पेट्रोलला बोल लावतो. पण या डब्यात हलणारा एकही भाग नसतो. घासून झिजावं असं त्यात काहीच नाही. अमेरिकेत त्यावर ८ वर्षं किंवा ८०,००० मैलांची, म्हणजे जवळपास १ लाख २९ हजार किलोमीटरची हमी कायद्यानेच द्यावी लागते. एवढा टिकाऊ भाग निम्म्या आयुष्यात जातो, तेव्हा त्याला कोणीतरी मारलेलं असतं; आणि मारणारा बहुतेक वेळा त्याच्या अलीकडे, इंजिनात सापडतो, असं माझं म्हणणं आहे.

त्यासाठी आत काय असतं ते पाहायला हवं. कॉर्डिअराइट नावाच्या सिरॅमिकची ती जाळी असते. दर चौरस इंचाला चारशे ते सहाशे, काही गाड्यांत नऊशे, आरपार जाणारी छिद्रं. मधल्या भिंती जेमतेम दशांश मिलिमीटर जाडीच्या. भिंतींवर ॲल्युमिनाचा सच्छिद्र लेप, आणि त्या लेपावर मौल्यवान धातूंचे नॅनोमीटर मापाचे कण विखुरलेले. जाळी साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसला तापली की हे कण कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांचा निकाल लावू लागतात. कणांचा सारा पराक्रम त्यांच्या बारीकपणात आहे. तापमान ९००-१००० अंशांच्या पुढे गेलं की ते सरकत एकमेकांना चिकटतात, मोठे होतात आणि काम करणारा पृष्ठभाग घटतो. लेपाची छिद्रंही बुजत जातात. गाडी थंड झाली तरी ही हानी भरून येत नाही. सुमारे १४५० अंशांना तर जाळीच वितळते. जळालेला कन्व्हर्टर कापून पाहिला की मधली छिद्रं मिटून काचेसारखा गठ्ठा झालेला दिसतो, कडेची मात्र पुष्कळदा शाबूत असतात.

एवढी उष्णता येते कुठून? वेगवान गाड्या पूर्ण थ्रॉटलला जास्त पेट्रोल ओततात, ते पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जळतं, असं उत्तर सर्रास दिलं जातं. मला ते अर्धवट वाटतं. जादा पेट्रोलाने एक्झॉस्टचं तापमान उलट खाली येतं. अभियंते मुद्दाम ते वापरतात, कारण त्यातून टर्बो आणि कन्व्हर्टर दोन्ही वाचतात. अशा धुरात पेट्रोल उरतं, पण ते जाळायला ऑक्सिजन जवळपास शिल्लक नसतो. ठिणगी चुकली की मात्र गणित फिरतं. त्या सिलिंडरातली हवा आणि पेट्रोल दोन्ही न जळता बाहेर पडतात आणि तापलेल्या जाळीत हातात हात घालून पोहोचतात. हिशेब करून पाहा. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तासाला १० लिटर पेट्रोल पिते आणि चारपैकी एक सिलिंडर पूर्ण मिसिंग करतो, असं धरू. तासाला अडीच लिटर पेट्रोल कन्व्हर्टरच्या वाट्याला येतं. लिटरमागे सुमारे ३२ मेगाज्यूल धरले तर ती साधारण २२ किलोवॉट उष्णता झाली : घरातले दोन किलोवॉटचे अकरा गीझर, दोन हातांत मावेल एवढ्या जाळीत एकदम चालू.

माझदाच्या आरएक्स-८ या गाडीत ही साखळी जवळून दिसते. २००३ ते २०१२ या काळातली ही स्पोर्ट्स कार. तिच्यात पिस्टनऐवजी दोन त्रिकोणी रोटर होते, क्षमता १.३ लिटर, आणि मॅन्युअल गिअरच्या गाडीत इंजिन ९,००० आरपीएमपर्यंत चढायचं. प्रत्येक रोटरला दोन स्पार्क प्लग, म्हणजे एकूण चार इग्निशन कॉइल. या कॉइल लवकर कमजोर होतात, हे तिच्या मालकांना आणि मेकॅनिकना चांगलंच माहीत आहे. कमजोर कॉइल एकदम बंद पडत नाही, म्हणूनच ती घातक ठरते : गाडी चालत राहते, पिकअप किंचित पडतो, आणि जास्त आरपीएमला अधूनमधून ठिणगी हुकते. रोटरी इंजिनाचा धूर मुळातच जास्त गरम. त्यात हे न जळलेलं मिश्रण आलं की जाळी वितळून तुंबते. मग तुंबलेल्या एक्झॉस्टची उष्णता मागे इंजिनातच कोंडते आणि रोटरच्या सीलवर बेतते. कॉइल बदलण्याचा छोटा खर्च टाळला, आणि शेवटी इंजिन खोलायची पाळी आली.

दुसरा मारेकरी संथ आहे. रोटरचे सील ओले राहावेत म्हणून या इंजिनात थोडं ऑइल मुद्दामच ज्वलनकक्षात सोडतात. ऑइलमधले फॉस्फरस आणि जस्त जळाल्यावर जाळीच्या तोंडावर थर धरतात आणि धातूच्या कणांपर्यंत धूर पोहोचू देत नाहीत. पिस्टनच्या इंजिनात रिंगा किंवा टर्बोचे सील झिजले की हेच घडतं. शिशाने तर कन्व्हर्टर पार निकामी व्हायचा. म्हणूनच १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला तेव्हा शिसेविरहित पेट्रोलही सोबत आणावं लागलं.

यावर कोणी म्हणेल, दोष आखणीचाही आहे. काही अंशी ते खरं आहे. इंजिन सुरू झाल्यावर पहिल्या मिनिटभरात सर्वाधिक प्रदूषण होतं, म्हणून जाळी चटकन तापावी यासाठी कन्व्हर्टर इंजिनाला अगदी खेटून बसवतात, आणि ट्रॅकवर तासन्‌तास पळवलेल्या गाडीत तिथलं तापमान खरोखरच सोसवेनासं होतं. पण रस्त्यावर चालणाऱ्या, निरोगी इंजिनाच्या गाडीत हे अंतर हिशेबात धरलेलं असतं. दुसरा आक्षेप जास्त लोकप्रिय आहे : मग कन्व्हर्टर काढूनच टाका, पाइप मोकळा होईल. कायद्याचा भंग बाजूला ठेवला तरी कमजोर कॉइल त्याने सुधारत नाही. तिचं न जळलेलं पेट्रोल फक्त मागून येणाऱ्याच्या नाकात जातं. थ्रॉटल सोडताच फटाके फुटावेत म्हणून केलेलं ट्यूनिंग तर ठिणगी उशिरा पाडून मिसिंगसारखीच स्थिती हौसेने तयार करतं. आवाज आवडतो म्हणून जाळीला रोज अशी आच द्यावी, हे मला अजिबात पटत नाही.

निदानातली चूक मात्र सहज टाळता येते. कन्व्हर्टरच्या पुढे आणि मागे एकेक ऑक्सिजन सेन्सर असतो. पुढच्याचं वाचन सतत वरखाली होतं. जाळी ठीक असेल तर मागच्याचं जवळपास स्थिर राहतं. मागचाही पुढच्याबरोबर हलू लागला की स्कॅनरवर पी०४२० हा कोड येतो. तो कार्यक्षमता घटल्याचं सांगतो, ती का घटली याबद्दल काहीच सांगत नाही. सेन्सरजवळ एक्झॉस्ट गळत असला तरी तोच कोड येऊ शकतो. मिसिंगची नोंद पी०३०० आणि त्यापुढच्या कोडांत वेगळी मिळते, ती आधी वाचायला हवी. डॅशबोर्डवरचा चेक इंजिनचा पिवळा दिवा स्थिर लागण्याऐवजी लुकलुकू लागला, तर त्याचा अर्थ कन्व्हर्टर जाळण्याइतकं मिसिंग या क्षणी चालू आहे असा होतो. तेव्हा पाय उचलायचा आणि जमेल तितक्या लवकर, सुरक्षित जागी गाडी थांबवायची.