ग्राफिक्स कार्ड : आत्ताच की दिवाळीनंतर?

राजवाडा, सरस्वती महाल ग्रंथालय आणि घरात जपलेली जुन्या वळणाची मराठी... तंजावूर म्हटलं की आपल्याला एवढंच आठवतं. पण गावाबाहेर तिरुमलैसमुद्रमला ‘शास्त्र’ विद्यापीठ आहे आणि इंजिनियरिंग शिकणारी मुलं इथल्या मराठी घरांतही आहेत. त्यामुळे पुण्या-मुंबईतला वाद इथंही रंगतो. मुलगा म्हणतो, ग्राफिक्स कार्ड आत्ताच हवं; अप्पा म्हणतात, थांब, भाव उतरतील!

प्रश्न तीस-चाळीस हजारांचा आहे. मध्यमवर्गीय घरात तेवढ्यात एका सत्राची फी निघते.

पडद्यावरची चित्रं झरझर रंगवण्यासाठी हे कार्ड जन्माला आलं. एकाच वेळी हजारो छोटी गणितं सोडवण्याचा त्याचा गुण पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामी आला, आणि भावांचा झोका सुरू झाला. २०२१मध्ये चिपचा तुटवडा होता, त्यात इथेरियम हे आभासी चलन ‘खणणाऱ्यां’नी कार्डं घाऊक उचलली. ३२९ डॉलर जाहीर किमतीचं ‘आरटीएक्स ३०६०’ त्या भावात मिळेनासं झालं. २०२२मध्ये भाव उतरू लागले. १५ सप्टेंबरला इथेरियमचं खाणकामच बंद झालं. थांबलेले जिंकले! त्याच भरवशावर २०२५च्या उत्तरार्धात जे थांबले, त्यांचा मात्र फासा उलटा पडला. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप ओढून घेतल्या, भाव भडकले. कार्डावरही मेमरी असतेच ना!

तेव्हा अप्पांनी भावाचं भाकीत सोडावं आणि मुलाला एकच विचारावं : काम कधी द्यायचंय? प्रकल्प अडला असेल आणि कॉलेजची लॅब किंवा ‘गुगल कोलॅब’वर मिळणारे फुकटचे तास पुरत नसतील, तर घ्या. नुसत्या खेळांसाठी हवं असेल, तर खुशाल थांबा. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०५मध्ये तंजावुरात देवनागरी छापखाना काढला, तो यंत्राच्या हौसेनं नव्हे. छापायचा मजकूर हाताशी होता.

घ्यायचं ठरलंच, तर मेमरीत काटकसर नको. एआयच्या कामात आठ जीबी लवकर अपुरे पडतात. ‘आरटीएक्स ५०६० टीआय’ २०२५मध्ये आठ आणि सोळा जीबीत आलं, तेव्हा जाहीर किमतीत फरक होता अवघा ५० डॉलरचा. या कार्डाला ६०० वॉटचा पॉवर सप्लाय लागतो, असं कंपनीच सांगते. जुन्या संगणकात तो नसला तर खर्च वाढला! जुनं कार्ड स्वस्त मिळतं, पण ते खाणकामात रात्रंदिवस राबलेलं असू शकतं. बिल आणि उरलेली वॉरंटी पाहिल्याशिवाय हात लावू नये. खरेदीला तिरुची जवळ. चेन्नईच्या रिची स्ट्रीटवर घासाघीस होते खरी, पण कार्ड बिघडलं तर परत तिथवर जायचं कोणी, हेही आधी ठरवलेलं बरं.