लाल गोळी कपाटात ठेवू नका

गरोदरपणी दवाखान्यातून मिळणारी लोह आणि फोलिक ॲसिडची लाल गोळी अनेक घरांत तशीच पडून राहते. गोळीने बाळ काळे होते, अशी उगाच भीती असते. भगिनींनो, या फोलिकची कहाणी आपल्याच आयाबहिणींची आहे.

डॉ. ल्यूसी विल्स १९२८ साली इंग्लंडहून भारतात आल्या. मुंबईत गरोदर स्त्रियांचे रक्त तपासताना त्यांना दिसले की, गरीब मुस्लिम स्त्रियांचा आहार सर्वांत निकृष्ट होता आणि रक्तक्षयही त्यांनाच सर्वाधिक होता. यीस्टचा अर्क दिल्यावर रुग्ण बरे होऊ लागले. त्या अर्कातले जीवनसत्त्व म्हणजे फोलेट. १९४१ मध्ये ते पालकाच्या पानांतून वेगळे करण्यात आले.

रक्तपेशी हाडांच्या मगजात तयार होतात. फोलेट कमी पडले की त्यांचा डीएनए नीट बनत नाही आणि अनेक पेशी पक्व होण्याआधीच मरतात. फोलेट मिळाले की त्या जगतात.

म्हणून मसूर, मेथी, पालक रोजच्या जेवणात ठेवा. भाजी फार वेळ शिजवू नका. पण गोळी चुकवू नका. पोटातले बाळ ही अल्लाहची अमानत आहे.