पाण्याच्या टाकीमागचा षड्ज

पहाटे सव्वापाच. औंधला मी कॉट बेसिसवर राहते. खोलीतली मैत्रीण रसायनशास्त्रात एमएस्सी करते आणि रात्री दोनपर्यंत जागते. म्हणून मिरजेहून कोयना एक्सप्रेसनं कुशीत धरून आणलेला माझा तानपुरा गवसणीतच राहतो आणि मी चटई, कोमट पाणी आणि फोनवरचा तानपुरा घेऊन गच्ची गाठते. पाण्याच्या टाकीमागची जागा घरमालकीण काकूंनी दिली आहे. पुण्यात आल्यावर पहिले पंधरा दिवस जागेवाचून रियाजच झाला नव्हता. शेवटी काकूंना विचारायचं धाडस केलं, तेव्हा कुठे माझं शिक्षण सुरू झालं.

साडेपाच ते पावणेसात खर्ज. काळी चारच्या षड्जावरून एकेक सूर खाली, मंद्र पंचमापर्यंत. एका श्वासात एक सूर, तोही आकारात. खाली उतरताना आवाज विरतो, हवा निसटते, घसा खरखरतो. पहिल्या महिन्यात मला वाटलं, गळा बिघडला. माझ्या गुरूंजवळ, ताईंजवळ, रडलेसुद्धा. त्या म्हणाल्या, "बिघडला नाही गं. आतापर्यंत तू तो ऐकलाच नव्हतास."

सव्वासातची पीएमपी. ताईंचं घर प्रभात रस्त्याला. बसमध्ये मला हटकून बारावीनंतरचा उन्हाळा आठवतो. पुढच्या शिक्षणासाठी घरात तीन नावं होती. कोलकात्याची आयटीसी संगीत रिसर्च अकादमी, तिथे गुरू आणि शिष्य एकाच आवारात राहतात. १८८६ साली सुरू झालेलं बडोद्याचं संगीत महाविद्यालय, जे आज सयाजीराव विद्यापीठात आहे. आणि पुणे विद्यापीठाचं १९८७ सालचं ललित कला केंद्र, जे स्वतःला गुरुकुल म्हणवतं. पदवी विद्यापीठाची, तालीम गुरूंकडे. बाबांना पदवी हवी होती, मला तालीम. तरी माझं मन माहितीपत्रकानं वळवलं नाही. केंद्राचा अर्ज भरण्याआधी मी ताईंच्या घरी सलग दोन सकाळी नुसती कोपऱ्यात बसले होते. त्या एका मुलीला तासभर एकच आलाप पुन्हा पुन्हा देत होत्या, आवाज न चढवता. मी तिथंच ठरवलं. आजही कुणी विचारलं तर मी हेच सांगते, की इमारत बघू नका, तालमीला जाऊन बसा.

आठ वाजता आधी तानपुरे लावायचे. खुंटी हलकेच पिळायची, मणी सरकवायचा, घोडीवर तारेखालचा दोरा केसभर मागेपुढे करायचा. जवारी खुलली की तारेतून गंधार आपणहून डोकावतो. मिरजेत सतारमेकर गल्लीत पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे वाळलेले भोपळे बघत मी मोठी झाले, पण ही गोष्ट माझ्या कानाला इथं उमगली.

मग भैरव. आठ महिने सकाळी भैरव, संध्याकाळी यमन. विशारद होईपर्यंत मी कितीतरी राग परीक्षेला गायले होते, प्रत्येकात ठरलेल्या ताना. मला गाणं बाबांनी पेटीवर शिकवलं, ते भजनी मंडळात पेटी वाजवतात. ताईंनी पहिल्याच दिवशी पेटी बाजूला सारली. "सूर बरोबर आहे," म्हणाल्या, "पण ऋषभ पेटीचा आहे." पट्टी दाबली की कोमल ऋषभ एका जागी उभा राहतो. भैरवातला उभा राहत नाही. तो षड्जाला लगटून निघतो, गंधाराला किंचित शिवतो, झुलतो आणि सावकाश षड्जावर टेकतो. घाई केली की नुसता कंप होतो, आंदोलन होत नाही. आज सात वेळा थांबवलं. आठव्या वेळी ताईंनी डोळे मिटले आणि काही बोलल्या नाहीत.

साडेअकराला गणेशखिंडीत, विद्यापीठात, शास्त्राचा वर्ग. इथं मला वेगळीच अडचण आली. पलुसकर पद्धतीत स्वराच्या डोक्यावरचा बिंदू म्हणजे मंद्र सप्तक, भातखंडे पद्धतीत तोच बिंदू म्हणजे तार. मी लहानपणापासून पहिली पद्धत लिहिलेली. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर आमच्या मिरजेतच बाळकृष्णबुवांकडे शिकले आणि १९०१ मध्ये लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं, त्यांची लिपी आमच्या घरचीच. वर्गातल्या भातखंडे लिपीत बंदिश वाचताना हात आणि गळा दोन दिशांना जातात. एक अख्खी वही पुन्हा उतरवून काढली.

दोनला मेस. चारपर्यंत ग्रंथालयात जुनी ध्वनिमुद्रणं ऐकते.

सहाला तबला शिकणारा एक मित्र विलंबित एकताल धरतो आणि मी यमन गाते. पूर्वी मी बोटांवर मात्रा मोजायचे. आता हात मांडीवर स्थिर ठेवायचे, असं ताईंनी बजावलंय. बाराव्या मात्रेनंतरची सम आज दोनदा हुकली, तिसऱ्यांदा आम्ही दोघं एकदमच तिच्यावर आलो.

साडेनऊला घरून फोन. "आज काय शिकलीस?" आई विचारते.

"भैरव."

"अजून भैरवच?"

बाबा फोन घेतात. "तो ऋषभ म्हणतेस तो ऐकव बघू." मैत्रीण अभ्यासाला बसलेली, म्हणून मी गच्चीवर जाते, टाकीमागे. फक्त सा आणि ऋषभ, एकदाच. पलीकडे पेटीचा भाता हलल्याचा आवाज येतो. बाबा एक पट्टी दाबतात, सोडतात, शेजारची दाबतात.

"यात नाही सापडत गं," ते म्हणतात. "पुन्हा घे."

मी पुन्हा घेते.