चित्र एक, वाचने अनेक

अँजिओग्राफीत हृदयाच्या रक्तवाहिनीतला अडथळा लख्ख दिसतो, डॉक्टरांनी तो फक्त सांगायचा असतो, असा आपला समज असतो. १९७६ साली ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात आलेला एक लेख वाचल्यावर माझा हा समज टिकला नाही. चार अनुभवी तज्ज्ञांना २० अँजिओग्राफी वाचायला दिल्या होत्या. हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या मुख्य वाहिनीतला अडथळा गंभीर आहे की नाही, यावर चौघांचे एकमत झाले ते फक्त ६५ टक्के वेळा.

यात कोणाचा अडाणीपणा नव्हता. वाहिनी वळणावळणाची आणि चित्र सपाट. एका कोनातून रुंद दिसणारी जागा दुसऱ्या कोनातून चिंचोळी दिसते. शिवाय ज्या ‘निरोगी’ भागाशी तुलना करायची, तोही आतून रोगट असू शकतो.

एकमताची टक्केवारीही फसवी असते. समजा, दोन डॉक्टरांनी १०० चित्रे पाहिली आणि प्रत्येकाने ९० चित्रे ‘ठीक’ ठरवली. चित्रे न पाहता त्याच प्रमाणात शेरे मारले असते, तरी ८२ वेळा ते निव्वळ योगायोगाने जुळले असते. म्हणून जेकब कोहेन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० साली ‘कप्पा’ हे माप सुचवले. ते योगायोगाचा वाटा वजा करते. प्रत्यक्षात शेरे ९० वेळा जुळले, तर कप्पा भरतो जेमतेम ०.४४. पूर्ण एकमत म्हणजे १.

हा नुसता गणिताचा खेळ नाही. हृदयाच्या डाव्या कप्प्यातले किती टक्के रक्त प्रत्येक ठोक्याला बाहेर पडते, हे सोनोग्राफीसारख्या इको तपासणीत मोजतात. हा आकडा ३५ किंवा त्याहून कमी आला, की छातीत आयसीडी यंत्र बसवण्याचा विचार होतो. दोन वाचनांत चार-पाच टक्क्यांचा फरक सहज पडतो. एकाचे ३४ आणि दुसऱ्याचे ३८ यांच्या मधोमध रुग्ण उभा असतो.

यावर उपाय आहेत. अडथळ्याच्या अलीकडचा व पलीकडचा रक्तदाब बारीक तारेने मोजणारी एफएफआर तपासणी नजरेच्या अंदाजाला आधार देते. पण सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे दुसऱ्या जाणकाराने पहिला अहवाल न बघता केलेले वाचन. सीमारेषेवरच्या आकड्यासाठी दुसरे मत मागणे हा पहिल्या डॉक्टरांवरचा अविश्वास नव्हे; मोजमापाची मर्यादा ओळखणे आहे.