सुटतानाचा वेग आणि पोचतानाचा वेग

कोलोरॅडो, वायोमिंगच्या उघड्या डोंगरउतारांवर एल्क चरतात. सांबरासारखेच, पण त्याहून थोराड हरीण. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आणली. तिथे शिकार परवाना काढून, ठरलेल्या मोसमात होते आणि पुष्कळदा नेम दरीपलीकडे चारशे-पाचशे मीटरवर धरला जातो. एवढ्या अंतरासाठी गोळी कोणती घ्यावी?

त्याच काडतुसातून हलकी गोळी जास्त वेगाने सुटते, म्हणून ती सरस वाटते. पण हवा तिला लवकर दमवते. जाडी तीच ठेवून गोळी लांब केली, तर वजन वाढते आणि हवेला सामोरे जाणारे क्षेत्र मात्र तेवढेच राहते. त्यात टोक निमुळते आणि बूड मागे अरुंद होत गेलेले असले, की मागच्या कमी दाबाच्या पोकळीची ओढही घटते. वजन, जाडी आणि आकार या तिन्हींचा हिशेब ‘बॅलिस्टिक कोएफिशंट’ या एका आकड्यात येतो. तो जितका मोठा, तितका वेग अधिक टिकतो.

हवेचा हा विरोध तोफखान्याचे जाणकार फार किरकोळ धरत. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने टांगलेल्या लंबकावर गोळ्या झाडून त्यांचा वेग मोजला आणि 1742 च्या ग्रंथात ही समजूत खोडून काढली. ध्वनीच्या वेगाजवळ विरोध एकदम वाढतो, हेही त्याने हेरले होते.

खरी गंमत आडव्या वाऱ्यात आहे. गोळी किती सरकणार, हे तिच्या एकूण प्रवासवेळेवर ठरत नाही; हवेच्या विरोधामुळे तिला जितका उशीर झाला, त्यावर ठरते. उशीर सेकंदाचा दहावा भाग आणि वारा सेकंदाला चार मीटर असेल, तर गोळी 40 सेंटिमीटर बाजूला जाते. एल्कच्या फुफ्फुसांवर धरलेला नेम तेवढ्याने पोटात जाऊ शकतो. नेमबाजीच्या स्पर्धांतही हाच हिशेब लागतो. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकले. त्या प्रकारातल्या पॉइंट टू-टूच्या गोळ्या मुद्दाम ध्वनीच्या वेगाखाली ठेवतात. त्याहून थोड्या वेगवान गोळ्यांना ध्वनीच्या वेगाजवळचा विरोध सोसावा लागतो आणि त्या वाऱ्याने उलट जास्त ढळतात!

लांब गोळी स्थिर राहायला गिरकीही जास्त लागते. 2007 मध्ये आलेल्या 6.5 क्रीडमूर या काडतुसाच्या रायफलींच्या नळीतले आटे साधारणपणे दर आठ इंचांत एक फेरा देतात. सेकंदाला सुमारे 820 मीटर वेगाने सुटलेली गोळी सेकंदाला चार हजार गिरक्या घेते. जुन्या, मंद पिळाच्या रायफलीत लांब गोळी भरली तर ती डगमगते आणि आकाराचा सगळा फायदा वाया जातो.

आठशे मीटरवर मात्र उत्तम गोळीलाही सेकंदाहून जास्त वेळ लागतो. तेवढ्यात चरणारे जनावर एक पाऊल टाकते. त्यावर कुठल्याही आकाराचा इलाज नाही, म्हणून इतक्या लांबून जिवंत प्राण्यावर गोळी झाडणे मला मान्य नाही.

शिवाय शिकारी गोळी आत शिरल्यावर फुलावी लागते. वेग सेकंदाला साधारण 550 मीटरच्या खाली गेला, की अनेक गोळ्या धड फुलत नाहीत. काहींची मर्यादा याहून खाली असते. आपल्या रायफलीतून गोळी त्या वेगावर किती अंतरावर उतरते, ते आधी मोजून घ्यावे. त्यापुढे नेम अचूक बसला तरी एल्क जखमी होऊन मैलोन्‌मैल भटकू शकते.