कॉन्ट्रा एवढा भरभर का पळतो? इम्युलेटरविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

नव्वदच्या दशकात वर्धा जिल्ह्यातल्या देवळीसारख्या तालुक्याच्या गावात ‘व्हिडिओ गेम’ म्हणजे टीव्हीला जोडायचा एक डबा, दोन रिमोट आणि वरून खोचायची कॅसेट. डब्यावर कधी ‘लिटल मास्टर’ लिहिलेलं असायचं, कधी ‘मीडिया’. आत गेम मात्र तेच : मारिओ, कॉन्ट्रा, बदकं मारायचा डक हंट. त्या डब्यावर हात बसलेली मंडळी आता पस्तिशी-चाळिशी ओलांडून गेली आहेत. तेच गेम ती फोनवर इम्युलेटरमधून चालवतात, आणि मग तक्रारी सुरू होतात. “काऊन एवढा भरभर पळून राहिला हा?” “स्क्रीन काळीच राहते.” “बंदूक लागत नाही.”

यातल्या पुष्कळ तक्रारींत इम्युलेटरचा दोष नसतो. आपण कोणत्या यंत्रावर खेळलो होतो आणि इम्युलेटर कोणतं यंत्र उभं करतोय, यातली तफावत आपल्या लक्षात आलेली नसते.

गैरसमज : गाण्याची फाइल प्लेअर वाजवतो, तशी गेमची फाइल इम्युलेटर चालवतो.

वस्तुस्थिती : इम्युलेटर गेम चालवत नाही. तो यंत्र उभं करतो आणि ते यंत्र गेम चालवतं. १९८३ साली जपानमध्ये आलेल्या निंटेंडोच्या फॅमिकॉममध्ये १.७९ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर होता, कामापुरती २ केबी मेमरी होती आणि चित्र काढणारी वेगळी चिप होती. इम्युलेटर या तिन्ही गोष्टी सॉफ्टवेअरमध्ये रचतो. कॅसेटमधली एकेक सूचना उचलायची, तिचा अर्थ लावायचा, तसं करायचं, आणि तेवढ्या वेळात चित्राची चिप किती ठिपके पुढे गेली असती तेही मोजायचं. प्रोसेसरच्या एका ठोक्याला चित्राचे तीन ठिपके, हा हिशेब चुकून चालत नाही.

का चालत नाही, हे मारिओत दिसतं. मारिओ धावतो तसं दृश्य डावीकडे सरकतं, पण वरची गुण आणि नाण्यांची पट्टी जागची हलत नाही. एकाच पडद्याचा वरचा भाग स्थिर आणि खालचा सरकता ठेवायची सोय त्या यंत्रात नव्हती. म्हणून गेम लिहिणाऱ्यांनी युक्ती केली. पट्टीतल्या नाण्याच्या बुडाशी एक छोटं चित्र लपवलं. टीव्हीचा किरण पडदा रंगवत त्या चित्रापाशी पोचला की चित्राची चिप खूण करते. प्रोसेसर त्या खुणेची वाट पाहत थांबलेला असतो. खूण मिळाली की तो खालचं दृश्य सरकवतो. इम्युलेटरनं ही खूण उशिरा दिली तर पट्टी थरथरते. दिलीच नाही तर प्रोसेसर वाट पाहत राहतो आणि गेम कायमचा गोठतो. ‘गेम हँग झाला’ यामागे असलं बारीक वेळापत्रकही असू शकतं.

गैरसमज : गेम लहानपणीपेक्षा भरभर पळतो, म्हणजे इम्युलेटर बिघडला.

वस्तुस्थिती : बहुतेक वेळा इम्युलेटर बरोबर असतो आणि आपल्या आठवणीतला वेगही खराच असतो. निंटेंडोचं अस्सल यंत्र आपल्याकडे फार थोड्या घरांत पोचलं. आपल्या घरी होता तो त्याचा क्लोन, म्हणजे मूळ चिपांची नक्कल करून दुसऱ्यांनी बनवलेलं यंत्र. त्यात इम्युलेटर नव्हता. नक्कल थेट सिलिकॉनमध्ये होती.

जपान-अमेरिकेतले टीव्ही सेकंदाला ६० चित्रं दाखवत. भारतातली पाल पद्धत ५० चित्रांची, म्हणून इथे विकलेले क्लोन सहसा ५० च्या हिशेबानं बनलेले असत. गेम मात्र ६० साठी लिहिलेले होते आणि त्यांची हालचाल चित्रागणिक पुढे सरकते. साहजिकच आपल्याकडे कॉन्ट्रातला माणूस सहाव्या हिश्श्यानं सावकाश पळत होता. संगीताचंही तेच : ३ मिनिटांची धून इथे ३ मिनिटं ३६ सेकंद वाजायची. गंमत अशी, की अशा क्लोनमधल्या प्रोसेसरचा वेग जवळजवळ मूळचाच ठेवलेला होता. त्यामुळे सूर उतरत नसे, फक्त लय मंदावे. कुणाला काही खटकायचं कारणच नव्हतं.

आजचा इम्युलेटर मुकाट्यानं ६० ची आवृत्ती चालवतो. जुना वेग हवा असेल तर मेसेन किंवा एफसीईयूएक्स या इम्युलेटरांच्या सेटिंगमध्ये प्रदेश ‘डेंडी’ निवडावा. डेंडी हा रशियात १९९२ पासून विकला गेलेला क्लोन. त्याची ५० ची जुळणी आपल्या डब्यांच्या सर्वांत जवळची आहे. ‘पाल’ निवडलं तरी गेम सावकाश होतो, पण ती युरोपातल्या अस्सल निंटेंडोची जुळणी. तिथे प्रोसेसर आणि चित्र यांचं गुणोत्तर वेगळं असल्यानं काही गेममध्ये चित्र फाटतं.

जाता जाता आणखी एक. एका ओळीत खूप शत्रू आले की काही जण लुकलुकतात, हाही बिघाड नाही. मूळ चिपला एका आडव्या ओळीत आठच हलती चित्रं काढता येत. बहुतेक इम्युलेटरांत ही मर्यादा उठवता येते.

गैरसमज : ‘९९९९ इन १’ कॅसेटमध्ये खरंच तेवढे गेम होते. ती फाइल चालत नाही, म्हणजे अर्धवट डाउनलोड झाली.

वस्तुस्थिती : त्या कॅसेटमध्ये वेगळे गेम मोजकेच असत. पुढच्या नावांवर तोच गेम कधी तिसऱ्या टप्प्यापासून सुरू व्हायचा, कधी जास्त जीव देऊन. मेन्यू मेमरीत एखादा आकडा बदलून मोकळा व्हायचा.

फाइल न चालण्याचं कारण निराळं आहे. कॅसेटमध्ये गेमसोबत मेमरीचे कप्पे अदलाबदल करणारं सर्किट असतं, त्याला मॅपर म्हणतात. फाइलच्या पहिल्या १६ बाइटांत मॅपरचा क्रमांक लिहिलेला असतो. अशा मिश्र कॅसेटांची सर्किटं कारखान्यागणिक वेगळी होती. क्रमांक चुकीचा असला किंवा इम्युलेटरला ते सर्किट ठाऊक नसलं, तर पडदा काळा राहतो. पुन्हा डाउनलोड करून उपयोग नाही.

गैरसमज : फोन महागातला आहे, रॅम ८ जीबी आहे, तरी प्लेस्टेशन २ अडखळतं. म्हणजे ॲप भिकार.

वस्तुस्थिती : रॅमचा इथे फारसा संबंध नाही. प्लेस्टेशन २ चा मुख्य प्रोसेसर जेमतेम २९५ मेगाहर्ट्झचा, पण त्याच्यासोबत गणित करणारी दोन वेगळी एककं, चित्रांची चिप आणि पहिल्या प्लेस्टेशनचा प्रोसेसर एवढी मंडळी एकाच वेळी कामाला असतात. त्या सगळ्यांचा मेळ घालत, एका भाषेतल्या सूचना चालू खेळात दुसऱ्या भाषेत उतरवायच्या असतात. हे काम फोनच्या आठ कोरांत सारखं वाटता येत नाही. एक-दोन कोरांवरच भार पडतो, म्हणून एकट्या कोरचा वेग महत्त्वाचा.

दुसरं कारण हवामान. मे महिन्यात वर्धा जिल्ह्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. फोन तापला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. पहिली दहा मिनिटं गेम सुरळीत आणि मग रखडत चालला, तर दोष उष्णतेचा. चार्जिंग काढावं, कव्हर काढावं, बॅटरी सेव्हर बंद करावा आणि चित्राचं रिझोल्यूशन मूळ आकारावर आणावं. उदाहरणार्थ, सोनीच्या पीएसपी या हातातल्या कन्सोलचा पडदा मुळात ४८० बाय २७२ ठिपक्यांचा होता. पीपीएसएसपीपी या त्याच्या इम्युलेटरमध्ये तो पाचपट करून ठेवला, तर ग्राफिक्स चिप कामानं बेजार होणारच. चित्र अडखळत असेल तर व्हल्कन आणि ओपनजीएल या ग्राफिक्सच्या पर्यायांपैकी दुसरा लावून पाहावा. आवाज करकरत असेल, तर बहुधा यंत्र वेळेत आवाज पुरवू शकत नसतं. ऑडिओचा बफर थोडा वाढवला की तो सुधारतो.

यूट्यूबवर ‘फोनसाठी पीएस५ इम्युलेटर’ म्हणून ज्या एपीके फाइल वाटल्या जातात, त्यांच्या वाटेला जाऊ नये. फोनवर पीएस५ चालवणारा इम्युलेटर अस्तित्वात नाही. त्या फाइलमधून मिळतात त्या जाहिराती, सर्व्हे, नाहीतर व्हायरस.

गैरसमज : बायोस टाकला की सगळं चालतं.

वस्तुस्थिती : बायोस म्हणजे कन्सोलच्या आत कायम बसवलेला कंपनीचा प्रोग्रॅम. तो लागतो की नाही, हे इम्युलेटर कसा रचलाय यावर ठरतं. पीपीएसएसपीपीच्या कर्त्यांनी पीएसपीच्या अंतर्गत सोयी स्वतः नव्यानं लिहिल्या, त्याला बायोस लागतच नाही. पीसीएसएक्स२ या इम्युलेटरला प्लेस्टेशन २ चा बायोस लागतो आणि तो आपल्याच कन्सोलमधून काढून घ्यावा, असं त्याचे कर्ते सांगतात. कारण बायोसवर सोनीचा कॉपीराइट आहे.

गैरसमज : डक हंटची बंदूक नव्या टीव्हीवर चालत नाही, म्हणजे बंदूक गेली.

वस्तुस्थिती : बंदूक काही सोडत नाही, फक्त बघते. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो आणि नळीतल्या सेन्सरला नेमक्या त्या क्षणी उजेड दिसला की नेम लागला. जुन्या डब्बा टीव्हीत चित्र त्याच क्षणी उमटायचं. एलसीडी-एलईडी टीव्ही चित्रावर प्रक्रिया करून थोड्या उशिरानं दाखवतो, तोवर बंदुकीची वेळ टळलेली असते. इम्युलेटरमध्ये माउस किंवा बोट वापरावं. साध्या गेममध्येही बटण दाबल्यावर मारिओ उशिरा उडी मारत असेल, तर टीव्हीचा ‘गेम मोड’ सुरू करून पाहावा.

गैरसमज : इम्युलेटर म्हणजे पायरसी.

वस्तुस्थिती : यंत्राची नक्कल आणि गेमची प्रत, या कायद्याच्या नजरेत दोन गोष्टी आहेत. सोनीनं कनेक्टिक्स कंपनीवर प्लेस्टेशनच्या इम्युलेटरवरून खटला भरला, तेव्हा २००० साली अमेरिकेतल्या अपील न्यायालयानं कनेक्टिक्सच्या बाजूनं निकाल दिला. सुसंगत उत्पादन घडवण्यासाठी बायोसचा अभ्यास करणं रास्त वापरात बसतं, असं ठरलं. पुढे २०१८ मध्ये सोनीनंच प्लेस्टेशन क्लासिक बाजारात आणला, तेव्हा आत पीसीएसएक्स रीआर्म्ड हा मुक्त इम्युलेटर होता. २०२४ च्या एप्रिलमध्ये ॲपलनंही जुन्या कन्सोलच्या इम्युलेटरांना ॲप स्टोअरची दारं उघडली. त्याच वर्षी यूझू हा निंटेंडो स्विचचा इम्युलेटर बंद पडला. २४ लाख डॉलर देऊन ते प्रकरण मिटलं, पण तिथे निंटेंडोचा मुख्य आक्षेप गेमवरचं सांकेतिक कुलूप तोडण्यावर होता.

भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ पाहावं. प्रोग्रॅमची प्रत कायदेशीररीत्या बाळगणाऱ्याला ती खराब होण्यापासून बचाव म्हणून बॅकअप घेता येतो. दोन प्रोग्रॅमांचा मेळ बसवण्यासाठी लागणारी माहिती सहज मिळत नसेल, तर ती शोधायलाही मुभा आहे. मात्र २०१२ च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम ६५ क नुसार हक्कभंगाच्या इराद्यानं संरक्षक कुलूप तोडणं गुन्हा आहे. ‘२४ तासांत डिलीट केलं तर चालतं’ असा नियम कुठल्याही कलमात नाही. आणि ‘माझ्याकडे कॅसेट होती’ हा युक्तिवाद आपल्याला फारसा कामाचा नाही, कारण क्लोनसोबतच्या कॅसेटा मुळातच बहुतांशी चोरीच्या प्रती होत्या.

गैरसमज : सेव्ह स्टेट घेतली की गेम कायमचा जपला.

वस्तुस्थिती : सेव्ह स्टेट म्हणजे त्या क्षणीच्या सगळ्या यंत्राची मेमरी जशीच्या तशी साठवणं. इम्युलेटरची आवृत्ती बदलली की ती उघडेलच याचा भरवसा नाही. गेमच्या स्वतःच्या मेन्यूतून केलेलं सेव्ह मात्र दुसऱ्या फोनवर, दुसऱ्या इम्युलेटरवरही बहुधा चालतं. ॲप अपडेट करण्यापूर्वी त्या फाइलची प्रत काढून ठेवावी.

बिघाड शोधण्याचा क्रम

एकदम दहा सेटिंग बदलली की दोष कुठला होता ते कधीच कळत नाही. आधी सेटिंग मूळपदावर आणावं. मग दुसरा गेम चालवून पाहावा. तो चालला तर शंका फाइलवर : ती अर्धवट आहे का, झिपमधून काढायची राहिली आहे का, तिचा हॅश, म्हणजे फाइलची ओळख पटवणारा आकडा, रेडम्प किंवा नो-इंट्रो यांच्या तपासलेल्या प्रतींच्या यादीशी जुळतो का, हे तपासावं. एकही गेम चालत नसेल तर बायोस, फोल्डरची परवानगी आणि ग्राफिक्सचा पर्याय, या क्रमानं जावं. सगळं चालतंय पण वेग चुकतोय, तर प्रदेश आणि तापमान बघावं. दर वेळी बदल एकच.

हा खटाटोप फक्त मारिओसाठी नाही. मुंबईच्या ट्राइन गेम्सचा ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’, २००९ सालचा ‘हनुमान : बॉय वॉरियर’, कबड्डी आणि विटीदांडू असलेला ‘देसी अड्डा’ हे आपल्याकडे बनलेले गेम प्लेस्टेशन २ साठी निघाले. ते कन्सोल बनणं २०१३ च्या सुमारास थांबलं. यातली एखादी विकत घेतलेली डिस्क घरात पडून असेल, तर संगणकाच्या साध्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये ती वाचली जाते. तिची आयएसओ प्रत आताच काढून ठेवावी. डिस्कवर ओरखडे वाढत जातात, आणि डीव्हीडी ड्राइव्ह असलेला संगणक मिळणंही दिवसेंदिवस अवघड होत चाललंय.