रंधायंत्राचे तेलपाणी

मंडळी, अर्धापूर म्हटले की डोळ्यांपुढे केळीचे बाग आणि हळदीचे ढीग येतात. पण जिथे शेती आली तिथे सुतारही आलाच. किनवटकडच्या रानातला साग, बांधावरची बाभूळ, परसातला कडुनिंब, आणि जुनी माळवदाची घरे उतरवताना निघणाऱ्या तुळया नि कड्या, हे सारे लाकूड शेवटी त्याच्याच दारी येते. हातरंध्याने एक फळी सारखी करायची म्हणजे अंगातून घाम निथळे. आता बऱ्याच सुतारांनी विजेवर चालणारा रंधा बसवला आहे. त्यातले फळीची जाडी एकसारखी करणारे जे यंत्र, त्याला कारागीर थिकनेस प्लॅनर किंवा नुसते थिकनेसर म्हणतात. त्याची निगा कशी राखावी, आणि मुख्य म्हणजे त्याला तेल कुठे घालावे नि कुठे घालू नये, हे आज पाहू.

विषय दिसायला किरकोळ आहे. पण हे यंत्र पुष्कळदा कर्ज काढून घेतलेले असते. २०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारालाही आधी १ लाख आणि पुढे २ लाख रुपयांपर्यंत कर्जाची सोय झाली, ५ टक्के व्याजाने. लग्नसराईत पलंग-कपाटांची कामे अंगावर असताना यंत्र आठ दिवस बंद पडले, तर हप्ता काही थांबत नाही. आणि बोटांचे मोल तर कर्जाच्या आकड्यात मावतच नाही.

आधी यंत्राच्या पोटात काय आहे ते समजून घेऊ. मधोमध एक जाड लोखंडी रूळ असतो, त्यात दोन-तीन धारदार पाती घट्ट बसवलेली असतात. मागेपुढे आणखी दोन रूळ असतात. पुढचा फळी आत ओढतो, मागचा बाहेर काढतो. खाली लोखंडी मेज असते, ते स्क्रूवर वरखाली होते. पात्यांचा रूळ मिनिटाला साधारण ४,००० ते ६,००० फेरे घेतो. गुरुजींनी हे गणित मुलांना फळ्यावर करून दाखवावे : रुळाचा व्यास १०० मिलिमीटर आणि फेरे ५,००० धरले, तर पात्याची धार तासाला सुमारे ९४ किलोमीटर वेगाने फिरते. रस्त्यावरच्या मोटारीचा हा वेग! तो पेलतात ती दोन टोकांची बेअरिंगे, म्हणून तेलपाण्याचा विचार तिथूनच करायचा.

बैलगाडीच्या आखाला आपण वंगण देतो तेव्हा भरपूर दिले म्हणजे बरे असे मानतो. गाडीच्या चाकाला ते चालते, कारण चाक हळू फिरते. इथे तसे नाही. वेगाने फिरणाऱ्या बेअरिंगात ग्रीस ठासून भरले तर गोळ्या ते ग्रीस सारखे घुसळत राहतात, त्या घुसळण्याने उष्णता वाढते, ग्रीस पातळ होऊन बाहेर येते आणि बेअरिंग शेवटी कोरडेच पडते. आतली मोकळी जागा तिसऱ्या हिश्शाइतकी, फार तर निम्मी भरावी. पुष्कळ नव्या यंत्रांत तर बंद बेअरिंगे येतात. त्यांच्यावर झेडझेड किंवा टूआरएस अशी अक्षरे कोरलेली दिसतील. त्यात ग्रीस कारखान्यातच भरलेले असते. वरून तेल सोडायचे नाही. आवाज करू लागले की बदलायचे, एवढेच.

फळी ओढणारे रूळ मात्र हळू फिरतात. त्यांच्या टोकांना बहुधा साध्या पितळी बुशी असतात, तिथे रोज काम सुरू करण्यापूर्वी तेलाचे दोन-चार थेंब हवेत. साखळीला हलके तेल, तेही पुसून घेतलेले. दातेरी चाकांची पेटी असेल तर तिच्यात गिअर ऑइल, यंत्रासोबतच्या पुस्तकात सांगितलेल्या क्रमांकाचे. मेज उचलणाऱ्या स्क्रूंना महिन्यातून एकदा तेलाचा हात पुरे. पट्ट्याला तेल अजिबात लागू द्यायचे नाही. तो निसटू लागतो, आणि रबर फुगून खराब होते ते वेगळेच.

पण कुठलेही तेल घालण्यापूर्वी भुसा काढा. माझ्या मते निम्मी यंत्रे तेलावाचून नव्हे, तर भुशावर तेल घातल्याने झिजतात. सागात वाळूच्याच जातीचा एक कण, सिलिका, असतो. सागावर हत्यार लवकर बोथट होते ते त्यामुळे. असा भुसा तेलात कालवला की धार लावण्याची उत्तम लुगदी तयार होते, आणि ती आपण आपल्याच बुशीत भरतो! तेव्हा आधी कोरडा ब्रश, मग फडके, मग तेल.

तेल कोणते, हाही प्रश्न आहेच. घरात करडईचे किंवा जवसाचे तेल हाताशी असते म्हणून तेच ओतणारे आहेत. ही तेले हवेतला प्राणवायू घेऊन चिकट होतात आणि शेवटी रोगणासारखी सुकतात. जवसाचे तेल रंगात घालतात ते याच गुणामुळे. गुरुजी, काचेच्या दोन पट्ट्या घ्या, एकीवर जवसाच्या तेलाचा पातळ थर द्या, दुसरीवर यंत्राच्या तेलाचा. पंधरा दिवसांनी मुलांना बोट लावून पाहू द्या. एक सूचना मात्र हवी. जवसाच्या तेलाचे फडके चुरगळून भुशाच्या ढिगात टाकू नका. सुकताना ते आपोआप तापते आणि पेट घेऊ शकते. दुसरी सवय ट्रॅक्टरमधून काढलेले जळके ऑइल वापरण्याची. फुकट मिळते हे खरे, पण त्यात काजळी आणि लोखंडाची झीज असते.

आता मेजाकडे येऊ. फळी अडखळते म्हणून मेजावर तेल चोपडणारे कारागीर मी पाहिले आहेत. ते तेल लाकडात मुरते आणि मग पॉलिश धरत नाही, डाग उठतो. मेजाला मेण घासा. साधी मेणबत्ती चालेल. घासून कोरड्या फडक्याने पुसून काढली की फळी सरकू लागते आणि पावसाळ्यात गंजही कमी चढतो.

पात्यांवर साचलेला डिंक रॉकेलने किंवा टर्पेंटाइनने पुसावा, बिडी दूर ठेवून. पाती बदलताना सगळी एकदम बदलावीत आणि सारख्या वजनाची, सारख्या उंचीची बसवावीत. का, तेही हिशेबाने पाहा. दोन पाती, ५,००० फेरे, म्हणजे मिनिटाला १०,००० काप. फळी मिनिटाला ८ मीटर सरकली तर एक काप ०.८ मिलिमीटरचा पडतो. एक पाते उंच राहिले तर तेवढेच कापते, काप १.६ मिलिमीटरचे होतात आणि फळीवर लाटा हाताला लागतात. वजनात फरक असेल तर रूळ हादरतो आणि तो हादरा पुन्हा बेअरिंगाच्या नशिबी. माळवदाच्या जुन्या तुळया असतील तर खिळे शोधून काढल्याशिवाय यंत्रात घालू नका. एक खिळा सगळ्या पात्यांची धार घालवतो. आणि पुढच्या-मागच्या रुळांत जेवढे अंतर, त्याहून आखूड तुकडा आत सोडायचाच नाही. तो मधेच लटकतो नि उलटा उडतो.

तेलपाणी करण्याआधी बटण बंद करणे पुरेसे नाही. प्लग काढावा किंवा मुख्य स्विच पाडून फ्यूज आपल्या खिशात ठेवावा. आपल्याकडे वीज जाते नि न सांगता येते. वीज गेली म्हणून यंत्र थांबले, बटण चालूच राहिले आणि कोणी भुसा काढायला हात आत घातला, तेवढ्यात वीज आली, तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून दिवा गेला की आधी बटण पाडायचे, मग बाकीचे. धोतराचा सोगा, उपरणे, सैल बाही जवळ नको. हातमोजेही नकोत, ते रुळात ओढले जातात. दाब कमी असेल तेव्हा मोटार गुरगुरते आणि तापते. अशा वेळी काम थांबवलेलेच बरे.

दिवसाचे काम संपले आणि यंत्र पूर्ण थांबले, की फ्यूज काढून बेअरिंगाच्या घरावर तळहात ठेवून पाहावा. हात टेकवून ठेवता आला तर ठीक. चटका बसून मागे घ्यावा लागला तर ग्रीस जास्त झाले आहे, किंवा पट्टा फार ताणला आहे, किंवा बेअरिंग संपत आले आहे. पट्टा आधी सैल करून पाहा, कारण त्याला खर्च नाही.

पावसाळ्यात यंत्र महिनाभर उभे राहणार असेल तर मेजाला मेणाचा हात देऊन ठेवा, उघड्या रुळांना तेलाचा. वर गोणपाट घालू नका, ते ओल धरते. पुन्हा सुरू करण्यापूर्वी पट्टा उतरवून पुली हाताने फिरवा, खरखर लागते का पाहा. मोटारीच्या मागच्या जाळीतही डोकवा. तिथे उंदराने चिंध्या नेऊन घर केलेले असते.